कॉन्टेसा, इसुझूचं इंजिन आणि फर्स्ट पार्टी : पॉलिसीच्या पहिल्या वर्षाचा अनुभव

गाडी हिंदुस्तान मोटर्सची, १९८८ची कॉन्टेसा. कारखान्यातून निघाली तेव्हा बोनेटखाली अँबेसेडरच्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं, ताकद जेमतेम पन्नास हॉर्सपॉवर. आता तिथे १८१७ सीसीचं इसुझू बसलंय, सोबत त्याचा पाच गिअरचा बॉक्स आलाय, सस्पेन्शन थोडं खाली उतरवलंय, पुढे फायबरचा स्पॉयलर, आत बकेट सीट, वायरिंग आणि एसी नवा. नागपुरात अशा गाडीला फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचाही विमा, मिळतो का, मिळाला तर कितीचा, आणि कोणी ठोकली तर पैसे खरंच हाती येतात का, हे मला पेट्रोल पंपावरही विचारतात. पॉलिसीचं वर्ष संपत आलंय, मधे एक क्लेमही होऊन गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

इन्शुरन्सच्या आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी लागते. माझं नशीब एवढंच की इसुझू १.८ हे हिंदुस्तान मोटर्सनं स्वतःच पुढच्या कॉन्टेसात दिलेलं इंजिन आहे. कोणत्यातरी जपानी गाडीचं टर्बो आणून बसवलं असतं तर फाईल टेबलावरून हललीच नसती. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद, इंजिन खरेदीचं बिल आणि नंबरची पेन्सिल छाप, एवढं मागितलं. छाप घ्यायला कागद नंबरवर धरून पेन्सिल घासतात, म्हणजे आकडे पांढरे उमटतात. माझ्या ब्लॉकवर कुणीतरी चंदेरी रंगाचा असा थर चढवला होता की कागदावर नुसता करडा डाग आला. साहेब म्हणाले, "काय भाऊ, नंबर आहे का नाही याले?" मेकॅनिकनं थिनरमध्ये बुडवलेलं फडकं तिथे दाबून धरलं, रंग फुगून सुटला, तेव्हा कुठे नंबर वर आला.

इंजिन आरसीवर चढलं की खर्च वाढतो, हे खरं. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनचे दर बघा : १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७ रुपये. म्हणजे या इंजिनापायी दर वर्षी ४,४८१ रुपये जास्त, वर जीएसटी. क्लेमच्या वेळी आपल्या खिशातून जाणारी सक्तीची रक्कमही हजाराची दोन हजार होते. "आरसीवर जुनंच इंजिन राहू द्या, कोण बोनेट उघडून पाह्यते?" असा सल्ला देणारे शहरात पायलीला पन्नास आहेत. कोण पाहतं ते सांगतो : नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर पाहतो, आणि नेमका क्लेमच्याच दिवशी पाहतो.

आता मुख्य भानगड, किमतीची. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ठरवायला तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, मग वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे आणि बंद पडलेल्या मॉडेलला तक्ताच नाही, तिथे कंपनी आणि मालक यांनी मिळून आकडा ठरवायचा. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात वेबसाईटवर कॉन्टेसा हे नावच सापडत नाही, आणि एजंट म्हणतो थर्ड पार्टी घ्या अन् सुखी राहा. विमा कंपनीच्या एका शाखेत एक लाखाच्या आयडीव्हीवर फर्स्ट पार्टी द्यायला तयार होते, प्रीमियमही स्वस्त. तो मी घेतला नाही, आणि कुणीही घेऊ नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. एक लाखाच्या आयडीव्हीला ७५ हजार ही हद्द झाली. या गाडीचा पुढचा भाग नीट चेपला गेला तर पत्राकाम, रंग, रेडिएटर मिळून तेवढं सहज होतं. मग हातात लाखभर रुपये, आणि गाडी एकतर कंपनीची किंवा भंगाराची किंमत कापून तुमची. जुन्या गाडीला आयडीव्ही कमी ठेवण्यातला खरा धोका हा आहे.

शेवटी दुसऱ्या एका शाखेनं सांगितलं, परवानाधारक सर्व्हेअरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आणा, मग बोलू. सर्व्हेअर मे महिन्यात आले. कडक उन्हाचा नवतपा सुरू, दरवाजाच्या कडीला हात लागत नव्हता, तरी माणसानं गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहिली. चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का ते बघितलं. रंगाखालच्या पुट्टीत गंज लपलाय का हे बघायला प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेवर चुंबक फिरवलं. डाव्या मागच्या दरवाजावर एका जागी चुंबक धरेना, म्हणजे आत पत्रा कमी, पुट्टी जास्त. तेही रिपोर्टात आलं. माझ्या हातात बिलांची फाईल होती, बेरीज अकरा लाखांच्या वर. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "सर, हा तुमचा खर्च झाला. आज विकायला काढली तर घेणारा काय देईल, ते मला लिहायचं आहे."

राग आला, पण माणूस बरोबर होता. कॉन्टेसाच्या बाजारात जी गाडी जशीच्या तशी, मूळ रंगात, मूळ सीटांसह असते तिला जास्त गिऱ्हाईक असतं. माझ्या बकेट सीटा पुढच्याला अडचणही वाटू शकतात. त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्सला चांगली किंमत धरली, कारण ते आरसीवर होतं आणि त्याच कंपनीचं होतं. रंगाला थोडी धरली. म्युझिक सिस्टीम, जादा लाईट अशा गोष्टी वेगळ्या काढल्या. रिपोर्ट आला साडेसहा लाखांचा, कंपनीनं सहा मान्य केले. त्यातले ८० हजार इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज म्हणून वेगळे दाखवले, त्याला ४ टक्के जादा प्रीमियम. विम्याच्या दरांसाठी नागपूर झोन बी मध्ये येतं, मुंबई-पुण्यासारखं झोन ए नाही, म्हणून दर किंचित कमी. या वयाच्या आणि या इंजिनाच्या गाडीला जुन्या दरपत्रकाप्रमाणे साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसतो, त्यात कंपनी सूट देते. सगळं आणि जीएसटी धरून तीस हजारांच्या थोडं आत गेलं.

पॉलिसीचा कागद हाती आला तेव्हा त्यावर मॉडेल म्हणून "हिंदुस्तान मोटर्स – अदर्स" आणि सीसी १४८९. प्रीमियम घेतला १८१७ चा, छापलं १४८९! अर्ज देऊन दुरुस्ती करून घेतली. कागद आल्याआल्या इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी आणि ॲक्सेसरीजची यादी एकदा आरसीशी ताडून पाहा.

क्लेम पावसाळ्यात झाला. धरमपेठेत गाडी उभी असताना एक छोटा हत्ती टेम्पो रिव्हर्स घेत डाव्या कोपऱ्यावर आला. डावं मडगार्ड, लाईट, ग्रील, बंपर आणि तो फायबरचा स्पॉयलर गेला. इथे आयडीव्ही सहा लाख असो की साठ, काही फरक पडत नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५०, फायबरवर ३०, काचेवर शून्य. रंगाच्या मटेरियलवरही ५०. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, या वयाच्या गाडीला मिळत नाही, विचारून बघा हवं तर. पण मजुरीवर घसारा नाही, ती पूर्ण मिळते. जुन्या गाडीवाल्यानं लक्षात ठेवायची गोष्ट हीच.

मडगार्डचंच घ्या. नवं मिळत नाही. दिल्लीच्या मायापुरीत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुनं मिळेल, पण पावती साध्या कागदावरची, जीएसटी बिल नाही, म्हणजे कंपनीच्या हिशेबी तो खर्चच नाही. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, बदलायचं काहून? हा पत्रा आजच्या गाड्यांसारखा पापड नाही, ठोकून काढतो." सर्व्हेअरला हे आधी दाखवून, "बदला" ऐवजी "दुरुस्त करा" असं लिहून घेतलं. बिल झालं ४२ हजार. त्यात १९ हजार डेंटिंग-पेंटिंगची मजुरी, ती पूर्ण मंजूर. लाईट, ग्रील, बंपर निम्मे. स्पॉयलरचे ५ हजारांतले साडेतीन मिळाले, ते केवळ व्हॅल्युएशन रिपोर्टात त्याचा फोटो होता म्हणून. सक्तीचे दोन हजार वजा जाऊन साडेएकोणतीस हजार खात्यात आले. मडगार्ड बदलायचा हट्ट धरला असता तर त्याचा सगळा खर्च माझ्याच अंगावर पडला असता.

पैसे यायला मात्र वाट पाहावी लागली. "सिस्टीममध्ये मॉडेल नाही" हे कारण मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मीच फोनवर आधी ते सांगून टाकायचो. कंपनीला यात पाचपैकी दोन गुण. सर्व्हेअरला पाच.

काय मिळत नाही तेही सांगतो. नागपूरच्या उन्हानं तडकलेला डॅशबोर्ड आणि वाळलेली दाराची रबरं ही झीज, त्याला पैसे नाहीत. इंजिन आपोआप बिघडून बंद पडलं तरी नाहीत. शर्यत किंवा स्पीड टेस्ट चालू असताना काही झालं तर नाहीत, त्यामुळे समृद्धीवर कुणाशी पैज लावायची हौस असेल तर स्वतःच्या पैशानं भागवा. आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, ते इथे सगळ्यांना आठवतं. पूर फर्स्ट पार्टीत येतो, पण पाण्यातल्या गाडीला चावी मारून इंजिन गेलं तर ते आपल्या माथी. त्यासाठीचं इंजिन प्रोटेक्शन मला या वयाच्या गाडीला कुणी दिलं नाही. म्हणून गाडी आता बेसमेंटमध्ये ठेवत नाही.

मधेमधे कुणीतरी सुचवतं, व्हिंटेजमध्ये टाका, थर्ड पार्टी निम्म्यात होईल. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. आपण दोन्हीकडून नापास.

रिन्युअल तोंडावर आहे. क्लेम घेतल्यामुळे २० टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला, पण त्याची किंमत तीन-एक हजार, मिळाले त्याच्या दहापट. कंपनीनं नवा रिपोर्ट मागितलाय. तो दरवाजा या वेळी कापून नवा पत्रा जोडून घेतलाय, त्याचं जीएसटी बिलही आहे, तेव्हा साडेसहाच्या खाली ऐकायचं नाही असं ठरवलंय.