ड्राइव्ह असलेला पीएस-५ घ्यावा की नसलेला?

यंदा दिवाळीला पीएस-५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळण्याचा कन्सोल, घ्यायचा असे ठरवलेल्या तिघांनी गेल्या महिन्याभरात मला एकच प्रश्न विचारला, की गेमची डिस्क चालवणारा ड्राइव्ह असलेला घ्यावा की नसलेला. खेळण्याच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे सारखीच असल्यामुळे वेग, चित्र वगैरेंची चर्चा येथे करत नाही. २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा ड्राइव्ह असलेल्याची किंमत ४९,९९० रुपये आणि नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. पुढे किमती बदलल्या, परंतु ड्राइव्हसाठी जादा पैसे मोजावेत का, हा प्रश्न तसाच राहिला. मी ते मोजले. त्यामागचे कारण तांत्रिक नव्हते, हे आधीच सांगून टाकतो.

डिजिटल खरेदीची, म्हणजे डिस्कऐवजी इंटरनेटवरून गेम उतरवून घेण्याची, बाजू प्रथम मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. सवलतीच्या दिवसांत जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, डिस्कवर चरे पडण्याची भीती नसते आणि जुलैच्या पावसात घोडबंदर रोडच्या वाहतुकीत शिरण्याची गरज पडत नाही. ऐरोलीला राहणारा माझा एक मित्र गेली काही वर्षे केवळ डिजिटल गेम घेतो आणि पूर्ण समाधानी आहे. त्याचा कन्सोल इंटरनेट बंद असतानाही त्याचे गेम चालवतो, तेव्हा ‘नेट गेले की सारे ठप्प’ हा डिस्कवाल्यांचा नेहमीचा आक्षेप मला सरसकट मान्य नाही. एकच गेम वर्षभर खेळणाऱ्याने तर ड्राइव्हचा विचार न केला तरी चालेल.

माझी सवय तशी नाही. मोठा नवा गेम बहुधा ४,९९९ रुपयांना येतो. असा एक गेम मी पहिल्याच आठवड्यात घेतला, महिन्याभरात संपवला आणि ३,२०० रुपयांना विकला. घेणारा मुलगा कोपरखैरण्याचा होता. आम्ही ठाणे स्थानकात नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांच्या जिन्याजवळ भेटलो. त्याने डिस्क मोबाइलच्या उजेडात तिरपी धरून चरे पाहिले, डबीचा खटका दोनदा उघडून-मिटून पाहिला, जीपेने पैसे पाठवले आणि समोर लागलेली वाशीची गाडी पकडली. या सगळ्याला चार मिनिटे लागली असतील. त्यात कंपनीची परवानगी कोणी कोणाला मागितली नाही.

ही परवानगी एकेकाळी मागावी लागणार होती. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा आपला कन्सोल जाहीर केला, तेव्हा चोवीस तासांतून एकदा तो इंटरनेटला जोडणे बंधनकारक राहणार होते आणि वापरलेल्या डिस्कच्या विक्रीवर प्रकाशकांना बंधने घालता येणार होती. त्याच सुमारास सोनीने एक चित्रफीत काढली. आपल्या कन्सोलवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, हे दाखवणारी ही फीत अर्ध्या मिनिटाचीही नव्हती. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो आणि तो आभार मानतो, इतकेच तिच्यात होते. ग्राहकांच्या संतापापुढे मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच माघार घेतली. ज्या सोनीने ती थट्टा केली, तीच आज डिस्कची फटच नसलेले यंत्र विकते, याची मला गंमत वाटते. अर्थात ते घेण्याची सक्ती कोणावर नाही, हेही खरे.

आता माझा निर्णय ज्यामुळे झाला त्या प्रकाराकडे येतो. कन्सोल घेण्यापूर्वी मी लॅपटॉपवर खेळत असे आणि एका गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून खरेदी करत असे. कंपनीचे नाव घेत नाही. तिथे एका गेमचे २,४९९ रुपये माझ्या कार्डावरून दोनदा कापले गेले. कंपनीला दोन ई-मेल पाठवले, त्यांना पोच आली पण उत्तर आले नाही, म्हणून मी बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने एक रक्कम परत वळवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाते उघडले तेव्हा चौदाच्या चौदा गेमची चित्रे करडी पडलेली होती. वादाचा विषय एक गेम होता, त्याचेही पैसे एकदा कंपनीकडे जमा होते आणि उरलेल्या तेरांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. तरीही खाते ‘देयकाच्या वादामुळे’ गोठवले होते. पुढचे बावीस दिवस मी पावत्या आणि बँकेचे उतारे पाठवत राहिलो आणि दर वेळी वेगळ्या नावाने सही केलेले तेच उत्तर येत राहिले, की परत गेलेली रक्कम भरा, खाते सुरू होईल. शेवटी गणपतीत भाचा चार दिवस राहायला येणार होता म्हणून मी ती भरली. दहा मिनिटांत चित्रांना रंग आले.

पैशांपेक्षा मला सलले ते हे, की गेम सुरू ठेवण्याचे आणि बंद करण्याचे बटण त्यांच्याकडे होते आणि माझ्याकडे पावत्या होत्या. दुकानदाराशी वाद झाला म्हणून त्याने माझ्या घरी येऊन कपाटातल्या तेरा डब्यांना कुलूप घातले असते, तर आमच्या वर्तकनगरात त्याची काय अवस्था झाली असती, याची कल्पना करून पाहावी.

मात्र डिस्क म्हणजे अभयपत्र, असे मी म्हणणार नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम डिस्कवरही विकला गेला होता, पण एकट्याने खेळण्याचा भागसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच डब्यातली डिस्क निरुपयोगी झाली. पुढे कंपनीने ग्राहकांच्या खात्यांमधील तो गेम खेळण्याचे परवानेही काढून घेतले. त्यातूनच विकलेले गेम असे बंद पाडण्याविरुद्धची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातील तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दरम्यान युबिसॉफ्टने याच मालिकेतील पुढच्या गेमसाठी ऑफलाइन सोय जाहीर केली. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून, परवानाच देणाऱ्या डिजिटल दुकानांना ‘खरेदी’ म्हणताना ती खरेदी नसून परवाना आहे, हे स्पष्ट लिहावे लागते. आपण मात्र पडद्यावरचे ‘बाय’ पाहतो आणि ते दाबतो.

म्हणून ड्राइव्ह घेतला तरी डबी उलटी करून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. एकट्याने खेळण्यासाठीही सतत इंटरनेट लागेल असे मागे लिहिले असेल, तर तो गेम मी पूर्ण किमतीला घेत नाही. असे गेम सवलतीत डिजिटल घेतलेले बरे, कारण दोन्हीकडे ते भाड्याचेच असतात. हात आखडता असेल तर एक मधला मार्गही आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या बारीक पीएस-५ ला ड्राइव्ह मागाहून जोडता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. तो सुटा ड्राइव्ह आपल्या दुकानदाराकडे आहे का, हे मात्र कन्सोलचे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.

मला विचाराल तर ज्यांना गेम संपवून पुढे द्यायची सवय आहे, त्यांनी जादा पैशांकडे फार पाहू नये. माझी स्वतःची एकच तक्रार आहे. डिस्क आत गेल्यावर सुरुवातीला ड्राइव्ह चांगलाच घरघरतो आणि रात्री अकरानंतर तो आवाज आतल्या खोलीपर्यंत जातो. ऐरोलीच्या मित्राच्या घरी हा त्रास नाही.