सॅडलचा काढता-घालता आखूड ब्रिज: एका सीझनच्या वापरानंतर

सॅडल म्हणजे झाडावर दोराने लटकून बसायचा कमरेचा पट्टा. त्याच्या दोन बाजूंचे लूप पुढून जोडणारा दोर म्हणजे ब्रिज. निकाल आधीच सांगतो: चढा-उतरायला झकास, बसायला छळ.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीसाठी हे सामान घेण्याचा प्रश्नच नाही. हे लिहितोय ते अमेरिकेत सॅडल बांधून, धनुष्य घेऊन व्हाइटटेल हरणासाठी झाडावर बसणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर ते डिसेंबर, पाऊस-बर्फासकट वापरानंतरचं हे मत.

सॅडलसोबत येणारा ब्रिज लांब सोडला की दोरावरून उतरताना डिसेंडर (दोरावर वेग आवरणारं उपकरण) हाताच्या टप्प्याबाहेर जातो. 60 सेंमीच्या ब्रिजने तो छातीसमोर राहतो. त्याहून आखूड करायचा मोह टाळा. दोन लूपमधलं अंतर 35 सेंमी आणि सामानासकट वजन 80 किलो धरा. पूर्ण लटकल्यावर 90 सेंमीच्या ब्रिजने कमरेच्या प्रत्येक बाजूवर आत येणारा दाब साधारण 17 किलो, 60 ला 29, आणि 45 ला थेट 49! तासभर बसून मांड्यांना मुंग्या येतात त्या इथूनच.

60 सेंमी म्हणजे लूप ते लूप, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) धरून. इथेच बहुतेकांचं माप चुकतं. दोन छोटे लॉकिंग कॅराबिनर मिळून 16-18 सेंमी खातात, म्हणजे दोर फक्त 42-44 सेंमी उरतो. 9 मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर दीड मीटर कापा. दोन्ही टोकांना तीन वेढ्यांची स्कॅफोल्ड गाठ. एकेका गाठीत शेपटीसह 40 सेंमीच्या आसपास जातात. शेपूट किमान 8 सेंमी हवी. गाठी अंगाच्या वजनाने आवळून मगच मोजा, आवळल्यावर लांबी बदलते. इथे एट गाठ नको. तिचा फास मोकळा राहतो, कॅराबिनर फिरतो आणि भार गेटवर (कडीच्या उघडणाऱ्या बाजूवर) आडवा येतो. उभ्या भाराला 20 केएन (किलोन्यूटन, साधारण 2,000 किलो) झेलणारा कॅराबिनर आडवा 7 चाच असू शकतो.

अ‍ॅमस्टीलचा (पॉलिथिलीन धाग्यांच्या पोकळ विणीच्या दोराचा) आखूड ब्रिज करू नका. तो इतका गुळगुळीत की गाठ सरकते, स्प्लाइसच (दोराचं टोक दोरातच ओवून केलेला जोड) लागतो. जाडीच्या 72 पट शेपूट आत पुरायची, म्हणजे 8 मिमीला जवळपास 58 सेंमी, तीही दोन्ही टोकांना. एवढ्याशा ब्रिजमध्ये ती मावणार कुठे?

वर बसायची वेळ आली की अदलाबदल. लाइनमन रोप (खोडाभोवतून सॅडलच्या दोन्ही बाजूंना अडकवलेला दोर) ताठ, दोन्ही पाय प्लॅटफॉर्मवर. लांब ब्रिजची दोन्ही टोकं लावा, गेट बंद, स्क्रू फिरवा, ओढून बघा. दुसऱ्या कॅराबिनरने टेदर (झाडाला बांधलेला, ब्रिजला पेलणारा दोर) त्यावर घ्या, वजन टाका. मगच आखूड सोडा. लाइनमन रोप फक्त तोल सांभाळतो, पडणं थांबवत नाही. तेवढ्यावर टेदर कधीही सोडू नका. पहिल्यांदा हे जमिनीपासून फूटभर उंचीवर करून बघा.

तक्रारी दोन. कॅराबिनर बकलला आपटून टणटण वाजतात, आणि शांत सकाळी तो आवाज हरणाला पुरतो. कॅराबिनरच्या अंगावर कापडी टेप गुंडाळा, गेट आणि स्क्रू मोकळे ठेवून. ओला स्क्रू रात्री गाडीत गोठतो, म्हणून ब्रिज घरात वाळवा. महिन्याभरात दोराच्या मधोमध, टेदरचा कॅराबिनर घासतो तिथे, लव सुटते. ती चालेल. पण तिथे दोर वाकवल्यावर चपटा, पोकळ लागला तर दोर बदला.