मिनिआपोलिसचा ज्यूसी लूसी : काही महिन्यांच्या खाण्यानंतरचे मत

ज्यूसी लूसी या हॅम्बर्गरचे चीज पॅटीच्या पोटात असते. खिम्याच्या दोन पातळ चकत्यांमध्ये चीज ठेवून, कडा दाबून मिटवून तो तव्यावर भाजतात. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या दक्षिण भागातल्या एकाच सीडर अॅव्हेन्यूवरची दोन जुनी ठिकाणे, मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब, त्याच्या जन्माचा मान आपापल्याकडे घेतात. मॅट्सची कथा १९५४ सालची आहे, तर फाइव्ह-एट क्लब दारूबंदीच्या काळात, १९२८ मध्ये, चोरटा गुत्ता म्हणून सुरू झाला. हा वाद मी बाजूला ठेवला आहे, कारण त्याचा निकाल काहीही लागला तरी चवीत फरक पडत नाही. गेले काही महिने ही दोन ठिकाणे, ब्लू डोअर पब आणि आसपासची काही लहान हॉटेले इथे मी हाच पदार्थ मागवत आलो आहे.

माझ्या मते सगळा खेळ चीजच्या निवडीवर आणि खिम्याच्या हाताळणीवर आहे. मॅट्समध्ये आत साधे अमेरिकन चीज, म्हणजे प्रक्रिया केलेले मऊ चीज, असते. एरवी ज्याला आपण नाके मुरडतो ते हे चीज इथे मात्र अगदी योग्य ठरते, कारण त्यातल्या सायट्रेट किंवा फॉस्फेटसारख्या क्षारांमुळे ते वितळल्यावर तूप आणि चोथा असे वेगळे होत नाही, तर दाट सॉससारखे एकजीव राहते. मुरलेले चेडार त्याच उष्णतेत फाटते आणि तेल सोडते. फाइव्ह-एट क्लबमध्ये आतले चीज निवडता येते. तिखटाची सवय असलेल्यांना तिथले मिरचीचे पेपर जॅक आवडेल. ब्लू डोअरचा ब्लू चीज (निळी बुरशी धरवलेले चीज) आणि लसूण घातलेला प्रकार उग्र आहे. मला तो अधूनमधून आवडतो, परंतु त्यात मांसाची चव मागे पडते.

आता या रचनेची किंमत. आतले चीज पूर्ण वितळेपर्यंत भाजायचे म्हटले की पॅटी मध्यभागी गुलाबी ठेवणे जवळजवळ अशक्य होते. अमेरिकन कृषी खात्याची शिफारसही बीफचा खिमा आतून १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याची आहे, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत पोहोचतात. एवढे शिजूनही पॅटी ओलसर राहायची असेल तर खिम्यात पाचवा हिस्सा तरी चरबी हवी. माझ्या कार्यालयाजवळच्या एका पबमध्ये नेमके इथेच बिनसत होते. खिम्यात मीठ आधीच घालून तो मळल्यामुळे पॅटी सॉसेजसारखी चिवट लागे आणि कडा नीट मिटलेल्या नसल्यामुळे, पुरणपोळी फुटून पुरण तव्यावर यावे, तसे चीज बाहेर येऊन करपे. मीठ भाजण्याच्या क्षणी वरून पडले आणि खिम्याला हात कमी लागला, तर तोच खिमा भुसभुशीत राहतो.

भाजलेल्या कांद्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. तव्यावर सुटलेल्या चरबीत तपकिरी झालेला कांदा आणि आंबट काकडीच्या चकत्या यांपलीकडे या बर्गरला काही लागत नाही. टोमॅटो आणि सॅलडची पाने त्याला फक्त पाणी पुरवतात. बनही मऊ आणि साधाच बरा, कारण कडक कवचाच्या पावावर दात रोवताना दाब पडून चीज मागच्या बाजूने शर्टावर उतरते.

वाढपी थांबायला सांगतात, ते ऐकावे. बंद पोकळीत साठलेले चीज तव्यावरून उतरल्यानंतरही बराच वेळ उकळते असते, आणि पहिल्या घासाला टाळू भाजली की उरलेला बर्गर कसा होता हे कळतच नाही. तोवर फ्रेंच फ्राइज खाव्यात.

इथे येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी एवढेच, की हा पदार्थ मुळात बीफचाच आहे. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांना केवळ सोबत म्हणून मॅट्समध्ये नेऊ नये, कारण तिथे त्यांच्यासाठी फ्राइजपलीकडे फारसे काही नाही. पार्सल मी दोन ठिकाणांहून आणून पाहिले आणि सोडून दिले. डब्यातल्या वाफेने बनचा तळ भिजतो, चीज थिजते, आणि पुन्हा गरम केल्यावर पॅटी कोरडी पडते.

साधा बर्गर आणि ज्यूसी लूसी यांत रोजच्यासाठी मी साधाच निवडेन, कारण पातळ पॅटीला तव्यावर जी कुरकुरीत तपकिरी खरपूड धरते ती या जाड, भरलेल्या पॅटीला तितकी धरत नाही. ज्यूसी लूसीच खायचा असेल, तर माझी पसंती मॅट्सला, आणि तीही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारची गर्दी ओसरल्यावर.