ब्रीडिंग बॉक्स: गाभण गप्पी-मॉलीसाठी कोणता घ्यावा आणि किती वेळ वापरावा

कम्युनिटी टँकमधली, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र असलेल्या टाकीतली, एखादी गप्पी किंवा मॉली फुगलेली आहे असं सांगितलं की मत्स्यालयवाला हमखास ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे गाभण मादी किंवा पिल्लं वेगळी ठेवायचा छोटा डबा, पुढे करतो. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. टाकीच्या आत तरंगणारा किंवा सक्शन कपने काचेला चिकटणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, चौकटीवर ताणलेला जाळीचा बॉक्स आणि टाकीच्या काठावर बाहेरून अडकवायचा, एअर पंपावर चालणारा बॉक्स. तिन्ही वापरून झालेलं आमचं मत असं, की बॉक्स घ्यायचा तर पिल्लांसाठी घ्या. वेष्टनावरच्या चित्रात मात्र फुगलेली मादी आत ठेवलेली दिसते, म्हणून लोक तिला पंधरा-पंधरा दिवस कोंडून ठेवतात आणि तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात जास्त खपतो तो प्लॅस्टिकचा डबा. स्वस्त असतो, लहान टाकीतही मावतो. आत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एक पट्टी असते आणि तिच्या तळाशी बारीक फट. मादी वरच्या कप्प्यात, पिल्लं जन्मली की फटीतून खाली. कल्पना चांगली आहे, पण डब्याची जागा बघा: यात जेमतेम एक-दीड लिटर पाणी मावतं. चार-पाच सेंटीमीटरची गप्पी त्यात वळू शकते. मोठी मॉली किंवा दहा सेंटीमीटरच्या पुढे जाणारी स्वोर्डटेल मादी मात्र वळताना भिंतीला घासते, तिचे खवले निघतात आणि शेपटी फाटते. वर झाकण नसेल तर स्वोर्डटेल सरळ उडी मारते.

दुसरी अडचण पाण्याची. डब्याच्या बाजूंना मोजक्या चिरा असतात, त्यामुळे टाकीतला प्रवाह आत पोहोचत नाही. मादीची विष्ठा आणि न खाल्लेला दाणा खालच्या कप्प्यात, म्हणजे नेमका पिल्लांच्या जागी साचतो. टाकीचं पाणी तपासलं तर अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या दाण्यातून तयार होणारं विष) शून्य, आणि तरी डब्यातली पिल्लं तळाशी पडून धापा टाकतात, ती याच कारणाने. हा डबा वापरायचाच असेल तर फिल्टरच्या धारेच्या बाजूला, पण थेट धारेखाली नाही, असा लावा. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजला एअर लाइनच्या नळीचा तुकडा जोडून रोज दोनदा तळाचा गाळ ओढून घ्या. सक्शन कप काही महिन्यांत कडक होतात आणि डबा रात्रीतून एका बाजूला कलंडतो. काठ पाण्याखाली गेला की पिल्लं बाहेर आणि मोठ्या माशांच्या तोंडात. कप वेळेवर बदला.

आता मादीला आत कधी टाकायचं हा खरा प्रश्न. गप्पीचा गर्भकाळ साधारण २१ ते ३० दिवसांचा, मॉलीचा बऱ्याचदा त्याहून लांबतो. पाणी थंड असेल तर दोन्हींचे दिवस वाढतात. तारखा मोजण्यापेक्षा पोट बघावं. सुरुवातीला पोट गोल दिसतं, दिवस भरत आले की पुढून चौकोनी, खोक्यासारखं होतं. गुदपंखाजवळचा गर्भडाग मोठा आणि गडद होतो, फिकट रंगाच्या गप्पीत तर पिल्लांचे डोळे बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. काळ्या मॉलीत हा डाग दिसतच नाही, तिथे फक्त पोटाचा आकार आणि वागणं. मादी कळपातून बाजूला होते, हीटरजवळ किंवा कोपऱ्यात एकाच जागी थांबते, दाण्याकडे फिरकत नाही, कल्ले जोरात हलवते. ही लक्षणं एकत्र दिसली तरच हात घाला. त्याआधी आठ दिवस कोंडलेली मादी ताणाखाली येते. मग एक तर पिल्लं अडवून धरते, नाहीतर पोटाला पिवळा बलक लोंबणारी अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते. अशी पिल्लं क्वचितच जगतात.

एक खबरदारी आधी घ्या: मादीकडे वरून बघा. खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले दिसले तर ती गाभण नाही, तिला जलोदर झाला आहे. तिला बॉक्समध्ये नव्हे, वेगळ्या भांड्यात उपचाराला ठेवावं लागेल. आणि टाकीत नर नाही म्हणून मादी गाभण नसेल असं समजू नका. ती शुक्राणू साठवून ठेवते आणि एका मीलनावर पुढची अनेक बाळंतपणं होतात. दुकानातून आणलेली प्रत्येक मोठी मादी गाभण धरूनच चाला.

हलवताना जाळी वापरू नका. जाळीत उचललेल्या मादीच्या पोटावर तिचंच वजन येतं. पारदर्शक मग टाकीत बुडवा, मादीला हळूच आत वळवा आणि मग पाण्याखालूनच बॉक्समध्ये सोडा. एका बाळंतपणाला तासाभरापासून पाच-सहा तासही लागतात. मधेच दिवा लावून, काचेला नाक लावून बघत बसलं तर ती थांबते. पोट सपाट झालं की तिला लगेच बाहेर काढा. भुकेली मादी स्वतःचीच पिल्लं खाते, त्यात तिचा दोष नाही. टाकीत नर जास्त असतील तर ते दमलेल्या मादीला लगेच छळू लागतात. एका नरामागे दोन-तीन माद्या हे प्रमाण आधीपासून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

जाळीच्या बॉक्सबद्दल थोडक्यात. पाणी आरपार जातं, जागा मोठी मिळते, मॉलीलाही पुरतो. पण आठवड्याभरात जाळीवर बुळबुळीत थर बसतो आणि प्रवाह थांबतो; जुन्या टूथब्रशने, साबण न लावता घासावा लागतो. कोपऱ्यात जाळी नीट ताणलेली नसेल तर चौकट आणि जाळी यांच्यामध्ये पिल्लं अडकून मरतात. टायगर बार्ब किंवा एंजल असलेल्या टाकीत ते बाहेरून जाळीवर तोंड मारत राहतात, पिल्लांच्या शेपट्या तुटतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने टाकीतली पातळी उतरली की आतलं पाणीही तेवढंच उतरतं, हे लक्षात ठेवा.

तिसरा, बाहेर अडकवायचा बॉक्स महाग पडतो, पण आम्ही तोच सुचवतो. एअर पंपाची हवा एका उभ्या नळीतून वर जाताना टाकीतलं पाणी ओढून बॉक्समध्ये टाकते आणि पुढच्या चोचीतून ते परत टाकीत पडतं. त्यामुळे पिल्लांना फिल्टर झालेलं, टाकीच्याच तापमानाचं पाणी सतत मिळतं आणि बाहेरचा कुठलाच मासा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. घेताना तीन गोष्टी तपासा. चोचीसमोरच्या चाळणीच्या पट्टीला कडेने फट राहत असेल तर स्पंजचा पातळ तुकडा खोचा, कारण नवजात गप्पी जेमतेम ६-७ मिलिमीटरची असते. अडकवायचा हूक तुमच्या काचेच्या जाडीवर बसतो का ते बघा. वर प्लॅस्टिकची कड असलेल्या तयार टाक्यांवर तो बऱ्याचदा बसत नाही. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. जिथे भारनियमन आहे तिथे बॅटरीवर चालणारा पंप जोडीला ठेवा. प्रवाह थांबला तर दोन लिटर पाणी हिवाळ्याच्या रात्री झपाट्याने गार होतं.

कुठलाही बॉक्स घेतला तरी पाणी बिघडलेलं असेल तर उपयोग नाही. गप्पी-मॉलीला थोडं जड (क्षार जास्त असलेलं), सामू ७ ते ८ असलेलं पाणी मानवतं. मुंबईत तलावांचं पाणी मऊ, म्हणून तिथे मॉली जागच्या जागी थरथरताना दिसते. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची लहान पिशवी ठेवली तर फरक पडतो. बोअरच्या पाण्यावर हे मासे सहसा जास्त खुशीत असतात. मीठ सरसकट टाकू नका, कम्युनिटी टँकमधल्या कोरीडोरस माशांना आणि बऱ्याच वनस्पतींना ते सोसत नाही. नळाचं पाणी भरताना क्लोरीन काढण्याचं औषध विसरू नका. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, म्हणजे चुकून टाकीतच जन्मलेली पिल्लं आत ओढली जाणार नाहीत.

पिल्लांना चिमूटभर चुरलेला फ्लेक किंवा ताजा आर्टेमिया (बारीक जिवंत कोळंबीसारखं खाद्य), दिवसातून तीन-चार वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. उकडलेल्या अंड्याचा बलक बॉक्समध्ये नको, एवढ्याशा पाण्यात तो तासाभरात नासतो. टाकीचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी २० टक्के बदला.

ज्यांच्या टाकीत फक्त गप्पी आहेत आणि हॉर्नवर्ट, जावा मॉस अशा पाणवनस्पतींचं रान दाट वाढलंय, त्यांनी पैसे वाचवावेत. तिथे बॉक्सशिवायही बरीच पिल्लं तगतात. एंजल, गोरामी किंवा बार्ब असतील तर मात्र बॉक्स घ्यावा. पिल्लं मोठ्यांच्या तोंडात मावेनाशी झाली की सोडायला हरकत नाही. त्या दिवशी आधी मोठ्या माशांना पोटभर दाणा द्या, दिवे बंद करा आणि मग बॉक्स मॉसच्या बाजूला नेऊन पाण्यातच तिरपा करा.