ॲडिसन गॅलरी, अँडोव्हर: बोस्टनला आलात तर एक दुपार इथे द्याच

बोस्टनला पाहुणे आले की हार्वर्ड, एमआयटी, बंदरावरची बोट, एवढं झालं की लगेच नायगाऱ्याच्या गाडीची तयारी सुरू होते. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, एक दुपार मोकळी ठेवा आणि अँडोव्हरला जा. तिथे फिलिप्स अकॅडमी म्हणून १७७८ सालची बोर्डिंग स्कूल आहे आणि तिच्याच आवारात ॲडिसन गॅलरी ऑफ अमेरिकन आर्ट आहे. शाळेची वर्षाची फी सत्तर हजार डॉलरच्या वर, पण गॅलरीला तिकीटच नाही. कोणीही यावं, हवा तितका वेळ बघत बसावं.

शाळेचं नाव निघालं की लोकांना पहिले आठवतात ते दोन्ही बुश, थोरले १९४२ च्या बॅचचे आणि धाकटे १९६४ च्या. थोरल्यांची गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेचे तेव्हाचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन आले होते, ते स्वतःही याच शाळेचे, आणि ऐन युद्धात त्यांनी पोरांना सांगितलं की आधी कॉलेज करा, सैन्याचं नंतर बघा. बुशनी ऐकलं नाही, १२ जूनला अठरा पूर्ण झाले त्याच दिवशी नेव्हीत नाव घातलं. हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्टही इथलाच, पण १९१८ ला शाळेने त्याला काढून टाकलं. तारयंत्रवाला सॅम्युअल मोर्स १८०५ च्या बॅचचा, आणि हा माणूस तारयंत्राच्या आधी पोर्ट्रेट काढणारा चित्रकार होता हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणूनच मला वाटतं की ही शाळा समजून घ्यायची तर राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करण्यात काही अर्थ नाही, भिंतीवरची चित्रं बघावीत.

गॅलरी १९३१ ला उघडली. पैसे दिले थॉमस कॉक्रन यांनी, हे १८९० च्या बॅचचे, पुढे जे. पी. मॉर्गन बँकेत पार्टनर झाले. त्यांचं म्हणणं असं की पोरांनी अस्सल चित्रं रोज बघितली पाहिजेत, छापील नाही. आणि त्यांनी घेऊन दिलेली चित्रं बघा, अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 'एट बेल्स', १८८६ चं. ह्या एका चित्रासाठी मी अँडोव्हरला परत परत जाते. दोन खलाशी आहेत, अंगात मेणकापडाचे जाड कोट, एकाने यंत्र डोळ्याला लावून सूर्य पकडलाय आणि दुसरा खाली मान घालून आपल्या यंत्रावरचा आकडा वाचतोय. आठ घंटा म्हणजे इथे जहाजावरचे दुपारचे बारा, त्या वेळी सूर्याची उंची मोजून आपण समुद्रात कुठे आहोत ते काढायचं, एवढंच काम चाललंय. जहाज जवळजवळ दिसतच नाही, शीड नाही, डोलकाठी नाही, फक्त एक कठडा, पलीकडे खवळलेलं पाणी आणि ढगांच्या फटीतून येणारा उजेड. जवळ गेलं की लाटांचा पांढरा रंग कसा जाड फासलाय ते दिसतं आणि चार पावलं मागे आलं की तेच पाणी हलायला लागतं. मोठ्या म्युझियममध्ये अशा चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहायचं तर मागून लोक रेटतात, इथे आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी खोलीत तुम्ही आणि चित्र एवढंच असतं.

एडवर्ड हॉपर या चित्रकाराचं 'मॅनहॅटन ब्रिज लूप' इथे आहे, कॅनव्हासवर रंग ओतून-शिंपडून चित्रं काढणाऱ्या जॅक्सन पोलॉकचं 'फॉस्फोरेसन्स' आहे, ते पेगी गुगनहाइम या कलासंग्राहक बाईंनी दिलेलं. एका शाळेकडे पोलॉक! पण सगळं एकदम टांगलेलं नसतं, प्रदर्शनं बदलत राहतात, तेव्हा एखादं ठरावीक चित्र डोक्यात धरून जाणार असाल तर आधी फोन करून विचारा.

आता माजी विद्यार्थ्यांचं. १९५० च्या सुरवातीच्या वर्षांत या शाळेत फ्रँक स्टेला, कार्ल आंद्रे आणि हॉलिस फ्रॅम्प्टन अशी तीन पोरं होती, पुढे एक चित्रकार, एक शिल्पकार आणि एक प्रायोगिक फिल्मवाला, आणि तिघांनीही अमेरिकन कलेत मोठं काम केलं. तिघांना रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ही गॅलरी होती. स्टेलाचं १९५८ चं 'ईस्ट ब्रॉडवे' इथे आहे, पट्ट्यापट्ट्यांचं चित्र, काढलं तेव्हा तो जेमतेम बावीसचा, आणि पुढे त्यानेच ते आपल्या शाळेला दिलं. होमर बघून लगेच स्टेलासमोर गेलात तर पहिल्यांदा काहीच हाती लागत नाही, पण थांबा थोडं, पट्टे हाताने ओढलेत, कडा सरळ नाहीत, खालचा रंग मधूनमधून वर येतो. माझ्याबरोबर आलेल्या आत्या 'हे तर माझ्या चटईचं डिझाइन' म्हणाल्या आणि मग त्याच तिथल्या बाकावर सगळ्यात जास्त वेळ बसल्या.

फोटोग्राफर वॉकर एव्हान्स १९२२ च्या बॅचचा. १९३६ मध्ये अलाबामात कुळांनी शेती करणाऱ्या कुटुंबांचे फोटो ज्याने काढले तो. पडकी खोपटं, अनवाणी पोरं, थकलेले चेहरे, आणि हे टिपणारा माणूस देशातल्या सगळ्यात श्रीमंत शाळांपैकी एकीतून आलेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अशा शाळेतून नुसते बँकवाले आणि पुढारीच बाहेर पडतात असं म्हणणाऱ्यांना मी एव्हान्सचं नाव सांगते.

पोरं बरोबर असतील तर खालच्या मजल्यावर जहाजांची मॉडेल्स आहेत तिकडे आधी न्या. सगळी १:४८ या एकाच स्केलला केलेली, त्यामुळे कुठलं जहाज खरंच केवढं होतं ते शेजारी शेजारी ठेवून कळतं, दोऱ्या, शिड्या, छोट्या तोफा सगळं जिथल्या तिथे. मुलं तिथून हलत नाहीत.

आणि मराठी माणसाने गॅलरीतून बाहेर पडून लगेच गाडीत बसू नये. याच टेकडीवर पूर्वी अँडोव्हर थिऑलॉजिकल सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं विद्यालय, होती, १९०८ मध्ये ती केंब्रिजला गेली आणि इमारती शाळेकडे आल्या. आवारातच रॅबिट पाँड म्हणून तळं आहे, त्याच्याजवळ एक मोठा दगड आहे आणि त्यावर ब्राँझची पाटी. सेमिनरीच्या पहिल्या मिशनरी विद्यार्थ्यांची नावं आहेत, त्यात गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल. हे तिघं पुढे मुंबईला आले! हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये उतरले, कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं, तरी राहिले आणि मराठी शिकले. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, शाळा निघाल्या, छापखाना आला, पुढे १८४२ ला नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले, न्यूएल त्याआधीच मुंबईत गेले होते. धर्मप्रसाराबद्दल तुमचं मत काहीही असो, मराठी छपाईच्या आणि शाळांच्या इतिहासात ही नावं वाचलेली असतात आणि ती इथे मॅसॅच्युसेट्समध्ये एका तळ्याकाठी दगडावर भेटतात, मला तर तिथे एकदम भरून आलं होतं. ही मंडळी सेमिनरीची, बोर्डिंग स्कूलची नाहीत, म्हणून शाळेच्या नामवंतांच्या यादीत ती सापडत नाहीत, दगड शोधावा लागतो. तिथून चालत गेलात तर जुन्या दफनभूमीत हॅरिएट बीचर स्टो यांची समाधीही आहे, 'अंकल टॉम्स केबिन'वाल्या, त्यांचे यजमान याच सेमिनरीत शिकवायचे.

जायचं कसं, तर नॉर्थ स्टेशनवरून हेवरहिल लाइनची लोकल घ्या आणि अँडोव्हरला उतरा, तिथून शाळा साधारण दीड किलोमीटर, सगळा चढ आहे, ज्येष्ठांना कॅब करून द्या. शनिवार-रविवारी गाड्या लांब लांब अंतराने असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. अँडोव्हरच्या आधी बॅलर्डव्हेल स्टेशन लागतं, खिडकीतून बघा, चार्ल्स शीलर १९४६ मध्ये या शाळेत पाहुणा चित्रकार म्हणून आला होता आणि तिथल्या जुन्या गिरणीवर त्याने 'बॅलर्डव्हेल' काढलं, तेही ॲडिसनकडेच आहे. कँपसवर शाळा चालू असते, मुलांचे फोटो काढू नका, वसतिगृहांकडे फिरकू नका. गॅलरी सोमवारी बंद असते, रविवारी दुपारीच उघडते. तीन तास तरी हाताशी ठेवून जा, दगडासाठी अर्धा तास वेगळा.