कोरोनाची कॉलर ट्यून: एका ॲम्ब्युलन्सवाल्याचा अभिप्राय

ही सेवा मी मागितली नव्हती आणि बंद करायची सोयही माझ्या हातात नव्हती. तरी 2020 ते 2022 या काळात तिचं माझ्याएवढं मोठं गिऱ्हाईक मिरजेत दुसरं नसेल. मी खासगी ॲम्ब्युलन्स चालवतो. माझं निम्मं काम स्टिअरिंगवर आणि निम्मं फोनवर. डॉक्टर, वॉर्डबॉय, ऑक्सिजनवाला, पेशंटचा मेहुणा, ज्याला म्हणून फोन लावायचा त्याची रिंग जायच्या आधी कोरोनाच्या सूचना सांगणारी ती ट्यूनमधली बाई बोलायची. नंतर अमिताभ बच्चन बोलायचे. मग परत ती बाई.

आता आठवण निघायचं कारण म्हणजे मधली सायबर फसवणुकीपासून सावध करणारी ट्यून. तिच्यातही बच्चनसाहेबच होते. 2025 च्या जूनमध्ये ती बंद केली, तेव्हा आमच्या स्टँडवर पोरांनी चहा पाजला. मग मनात आलं, एवढं बोलतोय तर पहिल्या ट्यूनचाही हिशेब मांडून टाकू.

आधी चांगलं सांगतो. मार्च 2020 मध्ये ट्यून आली ती खोकत आली. फोन कानाला लावला की पहिला खोकला, मग हात धुवा, तोंडाला हात लावू नका, खोकणाऱ्यापासून लांब राहा. डायलिसिसला नेत होतो त्या आजोबांनी स्पीकरवरचा खोकला ऐकून मागून विचारलं, "कोण रं खोकतंय गाडीत?" मी म्हटलं, "आजोबा, सरकार खोकतंय." हसले, पण त्या दिवसापासून तोंडावरचा पंचा काही काढला नाही. लक्ष वेधून घ्यायचं काम त्या खोकल्यानं चोख केलं. लोक वैतागले, पण ऐकलं सगळ्यांनी.

दुसरं म्हणजे ती साध्या बटणाच्या फोनवर वाजायची. एप्रिलमध्ये आरोग्य सेतू ॲप आलं, त्याला स्मार्टफोन लागायचा, ब्लूटूथ चालू ठेवायला लागायचं. आमच्या पेशंटांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडं ते कुठलं? ट्यूनला नेट नको, वाचता यायला नको. मिरजेत पेशंट कर्नाटकातल्या अथणी, कागवाड, जमखंडीकडून पण येतात. त्यांच्या फोनवरून लावलं की कन्नडमध्ये ऐकू यायची. सुरुवातीला आपल्याकडं हिंदी-इंग्रजीच होती, मराठी नंतर आली. नंतर का आली, हा प्रश्न आहेच. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भाषेत समजावून सांगणं म्हणजे अर्धं काम पाण्यात.

पूर्ण मार्क मी एका वाक्याला देतो. लढायचं आहे ते आजाराशी, आजारी माणसाशी नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आमच्या जिल्ह्यात पहिले पेशंट त्याच मार्चमध्ये इस्लामपुरात सापडले आणि बघता बघता गावागावांनी वेशीवर काटे टाकले. ॲम्ब्युलन्स दिसली की माणसं दारं लावायची. पेशंट बरा करून घरी सोडायला गेलो तरी गल्लीतले खाली उतरू देईनात. माझ्या घराशेजारच्यांनी तर गाडी गल्लीत लावायची नाही म्हणून सांगितलं होतं. अशा वेळी सरकारचा आवाज रोज प्रत्येकाच्या कानात हे म्हणतोय, याचा आधार होता. एकदा भांडणात मी सरळ फोन लावून स्पीकर चालू केला, म्हटलं माझं नको ऐकू, हिचं ऐक. सगळे लगेच सुधारले असं नाही. पण समोरचा वरमला.

आता तक्रार. अर्धा मिनिट. घरी बसून मावशीला फोन करणाऱ्याला अर्धा मिनिट म्हणजे काहीच नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये गाडीत पेशंट, बोटाला ऑक्सिमीटर, आकडा खाली चाललाय आणि मी बेड शोधतोय. एका हॉस्पिटलला लावला: ट्यून, मग रिंग, मग "बेड नाही." दुसऱ्याला: ट्यून, रिंग, कुणी उचललाच नाही. तिसऱ्याला: ट्यून, एंगेज. परत लावायचा तर परत ट्यून. कुणी सांगायचं एक दाबा, कुणी सांगायचं हॅश दाबा, म्हणजे तुटते. एका सिमवर तुटायची, दुसऱ्यावर नाही. पेशंटचा मुलगा शेजारी बसून नुसता बटणं दाबत होता. अडचणीतल्या माणसाचा फोन यामुळं लांबतो, हे पुढं मोबाईल कंपन्यांच्या संघटनेनंही सरकारला कळवलं आणि 2022 च्या मार्चमध्ये ट्यून बंद करायच्या बातम्या आल्या. दोन वर्षांनी! ॲम्ब्युलन्स, दवाखाने, रक्तपेढ्या यांचे नंबर तरी पहिल्या दिवसापासून वगळता आले नसते का?

वेळेचंही एक वेळ सोडून देऊ. ती अर्धा मिनिट बोलायची काय? अधिक माहितीसाठी राज्याच्या हेल्पलाइनला किंवा 1075 ला फोन करा. राज्याची हेल्पलाइन म्हणजे कुठला नंबर, ते नाहीच. महाराष्ट्रात 104 आहे, तीन आकडे, सांगायला किती वेळ लागतो? आणि मे 2021 मध्ये ती लस घ्या म्हणत होती तेव्हा आमच्या केंद्रांवर "लस संपली आहे" चे बोर्ड. 18 ते 44 वाल्यांचं लसीकरण राज्यानं त्याच महिन्यात थांबवलं, कारण असलेले डोस 45 च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसला पुरवायचे होते. ट्यूनला त्याचा पत्ता नाही. लस पुरेशी नसताना लोकांना हे काय ऐकवताय, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानंही त्याच महिन्यात केंद्राला झापलं. जज लोकांना पण फोन करावे लागत असणार.

आम्ही सांगली-मिरजेची माणसं. संकटाचा निरोप कसा असतो ते आम्हाला कृष्णेनं शिकवलंय. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पावसाळ्यात शाळेतलं पोरगं पण विचारतं, पाणी किती फुटांवर? तो आकडा दर काही तासांनी बदलतो, सोबत कोयना धरणातून पाणी किती सोडलंय ते येतं, आणि दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडवाल्यांना आकड्यावरूनच कळतं की आता फ्रिज माळ्यावर चढवायचा की पोरं घेऊन निघायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा गोंधळ भरपूर झाला, निरोप उशिरा आल्याच्या तक्रारीही झाल्या. पण आलेल्या निरोपात आज, इथं, किती, हे असायचं.

ट्यूनमध्ये हे तिन्ही नव्हतं. ती मुंबईला जे सांगायची तेच म्हैसाळला सांगायची, जूनमध्ये जे तेच ऑगस्टमध्ये. 2021 च्या जुलैत कोरोना असतानाच पूर आला. पाण्याच्या भागातून पेशंट हलवायला मी फोन लावत होतो. व्हॉट्सॲपवर फूट येत होते, कानात मास्क आणि दो गज की दूरी. निवारा केंद्रात शंभर माणसं एका हॉलमध्ये झोपणार, त्यांनी दूरी कशी ठेवायची ते काही तिनं सांगितलं नाही.

उलट अनुभव मुंबईचा. तिथं महापालिकेनं 2020 मध्ये 24 वॉर्डांत वॉर रूम, म्हणजे कोरोनाच्या कंट्रोल रूम, सुरू केल्या, प्रत्येक वॉर्डाचा नंबर वेगळा. माझा चुलतभाऊ पॉझिटिव्ह आला तेव्हा पलीकडून डॉक्टरणीनं विचारलं, सॅच्युरेशन किती, घरात संडास वेगळा आहे का, जिना किती मजले. त्यानं दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. ट्यूनला उलट विचारता येत नाही, तिथंच सगळं अडतं.

गुण विचाराल तर मार्च-एप्रिल 2020 ला पाचपैकी चार, आजारी माणसाशी लढू नका या वाक्यासाठी पाच. बच्चनसाहेबांच्या काळाला दोन, आवाजाला नाही, तेच तेच वाजल्याला. एप्रिल-मे 2021 ला शून्य.

पुढच्या साथीत ट्यून लावणार असाल तर आठ सेकंदांची लावा. जिल्ह्याचं नाव घ्या, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर सांगा आणि मजकूर दर आठवड्याला बदला. खोकला ठेवला तरी माझी हरकत नाही.