पॉश ट्रेनिंग, नांदेड : पेपर आणि चॅनलवाल्यांनी घ्यावंच

आमच्या ऑफिसात वकील मॅडमचं पॉश ट्रेनिंग झालं, म्हणजे कामाच्या जागी बायांचा लैंगिक छळ रोखायच्या कायद्याचं. मागं एका एजन्सीवाल्यानं स्लाईड वाचून दाखवल्या, सह्या घेतल्या आन गेला, म्हणून यावेळी काही अपेक्षा नव्हती, पण हे लई चांगलं झालं.

मॅडमनी सुरुवातच आपल्या लाईनमधून केली. अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज चॅनलचे प्रमुख रॉजर एल्स, अँकर ग्रेचन कार्लसननं लैंगिक छळाची केस केली आन 2016 मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. मग आपल्याकडचे एम. जे. अकबर, मोठे संपादक, पुढं मंत्री, ऑक्टोबर 2018 मध्ये राजीनामा दिला, छळाचे आरोप नाकारले आन आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर बदनामीची केस टाकली, त्यात रमाणी फेब्रुवारी 2021 ला निर्दोष सुटल्या. यावर आमच्यातल्या एका सिनिअरनं विचारलंच, एवढी वर्षं गप का बसली मग? असल्या प्रत्येक बातमीखाली हेच लिहिलेलं असतंय. मॅडम चिडल्या नाहीत, म्हणाल्या, साहेब, रमाणी सांगतात ती गोष्ट 1993 ची, कामाच्या जागी छळाच्या तक्रारीसाठी समिती पाहिजे म्हणणारा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा, मग तिनं तक्रार द्यायची कुणाकडं? साहेबांकडं उत्तर नव्हतं.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते तालुक्यातून बातम्या पाठवणाऱ्या पोरींचं. ना आयकार्ड ना पगारपत्रक, बातमीमागं पैसे, तर त्या या कायद्यात बसतात का? बसतात, कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या बसतात. आन तक्रार मालकावरच असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं, दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसचंबी तिथंच. आमच्या इकडं मालक तोच संपादक आन जाहिरातीबी तोच बघतो, म्हणून हे माहीत पाहिजेच. अर्ज तीन महिन्यांत द्यायचा, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देते.

एक स्टार कापला कारण मालक पहिल्याच रांगेत बसले होते आन पोरींनी तोंड उघडलं नाही. चहाच्या वेळी मात्र मॅडमभोवती गर्दी, तिथं त्यांनी एकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं की तारीख, जागा, तिथं कोण होतं ते अर्जात टाक आन व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नको. हे हॉलमध्ये सगळ्यांसमोर व्हायला पाहिजे होतं.

बुक करणार असाल तर पोरींसाठी वेगळा तास आधीच मागून घ्या, आन तालुक्यावरून येणारींना एसटीचं भाडं ऑफिसनं द्यावं, नाहीतर त्या येणार नाहीत.